उपरण्यानं मोजलेली पिकअप

घरात पिकअप घ्यायची ठरली आणि सगळ्यात जास्त अंगात आलं ते माझ्या. म्हणजे घरातल्या त्या एकमेव माणसाच्या, ज्याला गाडी चालवता येत नाही.

मी यावलच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. पण त्या दिवसांत मी वर्गात तह शिकवत असलो तरी डोक्यात टॉर्क फिरत असायचा. मोबाईलवर पिकअपचे इतके व्हिडिओ पाहिले की दुसरं काही दिसेनासंच झालं. जेवताना भाकरी मोडता मोडता मी म्हणायचो, "पेलोड मोठा असून उपयोग नाही, व्हीलबेस बघायला पाहिजे." बायको म्हणायची, "वरण घ्या." 

गाडी चालवणार होती ती. आम्ही दोघांनी भुसावळला ड्रायव्हिंग क्लासमध्ये एकाच दिवशी नाव घातलं होतं. तिला लायसन मिळालं. मला कापसाची गंजी मिळाली, रस्त्याकडेच्या शेतात नुकतीच रचलेली. गाडी तिच्यात अर्धी शिरली तेव्हा क्लासच्या मास्तरांनी डोक्यावरचा कापूस झटकला आणि हात जोडून सांगितलं, "सर, तुम्ही पुस्तकंच शिकवा. त्यात कोणाच्या जिवाला धोका नाही." तेव्हापासून मी डाव्या बाजूच्या सीटवरचा जाणकार झालो.

पिकअप हवी होती ती तिच्या वेफर्ससाठी. आमच्या भावाची केळीची बाग आहे. त्यातली कच्ची केळी घेऊन ती परसातल्या शेडमध्ये मोठ्या कढईत वेफर्स तळते. शेजारच्या दोन बायका मदतीला येतात. माल जातो धुळ्याला, देवपुरात. तिथं कॉलेजं, होस्टेलं, मेस, सगळा खाणाऱ्या तोंडांचा मुलूख. वेफर्सचा धंदा मोठा चमत्कारिक. वजन काहीच नाही, आकार मात्र हत्तीएवढा. फुगलेल्या पिशव्यांचा ढीग पाहून भाऊ नेहमी म्हणायचा, "मी केयी विकतो, तू हवा विकते. मले तर तुहाच धंदा बरा दिसते."

ही हवा भाड्याच्या गाडीनं जायची. ड्रायव्हर दुसऱ्या कोणाचाही माल त्याच गाडीत घ्यायचा आणि वरून ताडपत्री टाकून दोरी अशी आवळायचा, जणू पिशव्या पळून जाणार होत्या. एकदा तर त्यानं वेफर्सवर पाण्याची मोटर ठेवली. माल परत आला तो भुगा होऊन. मग आठवडाभर आमच्या घरी भुग्याची भेळ, भुग्याचा चिवडा आणि भुगा घातलेलं थालीपीठ. आबा, म्हणजे माझे वडील, शेवटी म्हणाले, "सूनबाई, आज नुसती भाकरी देशीन तरी चालीन."

त्यानंतर देवपूरच्या दुकानदारानं फोनवर स्पष्ट सांगितलं. होस्टेलं आणि मेस सगळीकडे माल तोच पुरवायचा. म्हणाला, "ताई, माल चांगला आहे. पण कॉलेजं सुरू झाल्यावर मला दर सोमवारी सकाळी सगळा माल एका खेपेत पाहिजे, तोही तुमच्या स्वतःच्या गाडीनं. नाहीतर मी दुसरीकडून घेतो." 

फोन ठेवून ती गप्पच बसली. बायको चिडली तर मला भीती वाटत नाही, सवय आहे. ती गप्प बसली की मात्र मी उगाच पाणी पिऊन येतो. मी पाणी पिऊन आलो तेव्हा ती म्हणाली, "गाडी घेऊ."

झालं! यावलहून जळगावला जाणारी बस त्या दिवशी मला विमानासारखी वाटली. 

शोरूममध्ये दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक मधली, एक मोठी. घरातल्या सुनांची असतात तशी ही नावं आम्ही तिथंच पाडली आणि पुढं तीच राहिली. मधली नीटनेटकी, आटोपशीर. मोठीचा हौदा मात्र असा लांबलचक की त्यात पंगत बसली असती. मी दोन्हींच्या टायरला एकेक लाथ मारून पाहिली. व्हिडिओत सगळे मारतात. त्यानं काय समजतं हे कोणीच सांगत नाही.

सेल्समन सगळं मला सांगत होता. "सर, पॉवर स्टिअरिंग आहे. सर, सस्पेन्शन बघा." मी जाणत्या माणसासारखी मान हलवत होतो. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "रिव्हर्स घेताना मागचा कोपरा दिसतो का?"

सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, मॅडमना सांगा, मोठे आरसे आहेत."

मी म्हणालो, "मॅडमना तुम्हीच सांगा. गाडी त्याच चालवणार. मला येत नाही."

त्याचा चेहरा असा झाला, जणू इतका वेळ तो नवरीऐवजी करवलीलाच हार घालत होता. पण माणूस चांगला. लगेच किल्ली तिच्या हातात दिली. ती आधी मधलीत बसली. पाय पोचले, सगळं पोचलं. मग मोठीत बसली. बांधा बेताचा, त्यामुळं स्टिअरिंगच्या वर फक्त कपाळावरची टिकली दिसायला लागली. सेल्समननं कुठूनतरी एक उशी आणून दिली. उशीवर बसून तिनं समोर पाहिलं, दोन्ही आरशांत पाहिलं आणि एकदम म्हणाली, "मोठी ती मोठीच शे!"

तिचं माहेर धुळ्याकडचं. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण आनंद फार झाला की आपोआप माहेरच्या बोलीत शिरते. हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओळखलं आणि तेव्हापासून त्या "शे"ची वाट पाहत असतो.

घरी आलो तर भाऊ ओसरीवर निकाल लावून बसलेला. "मधली घ्या. मोठी गल्लीत शिरणार नाही."

अडचण होती ती एवढीच. आमची गल्ली रस्त्यापासून सरळ आत येते, हापशाजवळ तिला जरा मोकळी जागा मिळते आणि तिथंच नानांच्या ओट्याला वळसा घालून ती कोपरात वाकवलेल्या हातासारखी डावीकडे वळते. वळलं की आमचं दार. नाना म्हणजे आमचे शेजारी, आबांचे लहानपणापासूनचे मित्र आणि लहानपणापासूनचे विरोधक. त्यांचा ओटा दगडी. ट्रॅक्टरची ट्रॉली त्याला एकदा घासली होती, तेव्हापासून मोठं वाहन गल्लीत शिरत नाही हे सगळ्या आळीला पाठ होतं.

मधली गाडी दारापर्यंत आली असती, पण तिच्यात निम्माच माल मावला असता. म्हणजे सोमवारी दोन खेपा. यावल ते धुळे, परत यावल, परत धुळे! दुसरी खेप पोचेपर्यंत देवपूरच्या मेसमधली पोरं जेवून झोपली असती आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं झालं असतं. मोठी रस्त्यावरच उभी केली तर फुगलेल्या पिशव्या सगळ्या गल्लीतून डोक्यावरून न्याव्या लागल्या असत्या, तळणाऱ्या बायकांनाच. 

"बाईमाणसाले मधलीच बरी," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला. "सांभायता येते."

मीही मोठ्या मनाचा नवरा होऊन म्हणालो, "हो, तुझ्या सोयीनं मधलीच घेऊ."

तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "मोठी शिरत नाही हे कोणी मोजलंय का?"

भावानं माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे पाहिलं, आबांनी आढ्याकडे पाहिलं. कोणीच मोजलं नव्हतं. मी मिलिमीटरमधले आकडे सांगायला मोबाईल काढला, तर आबा उठून उभे राहिले. "ठेव तो. कागदावरची गाडी कागदावरच्या रस्त्यानं जाते बापा. उद्या मले गाडीजवळ ने."

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. तिथं चहा पीत बसलेली गिऱ्हाइकं कप हातात धरून जवळ आली. आबांची बाग लावताना दोन केळींमधलं अंतर उपरण्यानं मोजायची जुनी सवय. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या.

"इथून धर. अरे, पत्र्याले काय धरतो? कान धर कान!"

"कान?"

"आरसा रे! गाय गोठ्यात घालताना शिंगं बाहेर ठेवतो का तू?"

या आरशापासून त्या आरशापर्यंत रुंदी, तिची एक गाठ. मग लांबी, उपरणं जितक्या वेळा टाकावं लागलं तितक्या वेळा, आणि उरलेल्या तुकड्याची दुसरी गाठ. सेल्समन म्हणाला, "आजोबा, माहितीपत्रकात सगळं छापलंय." आबा म्हणाले, "छापणारा आमच्या गल्लीत आला होता का?" 

त्या दुपारी आमच्या दारात जी गाडी तयार झाली तशी कोणत्याच कंपनीनं काढलेली नाही. केळीच्या घडांना टेकू द्यायचे लांब बांबू भावानं बागेतून आणले. ते दोन बाजूंना. पुढं एक बाज आडवी, मागं एक बाज आडवी, सगळं काथ्यानं आवळून उपरण्याच्या गाठीशी तंतोतंत जुळवलेलं. पुढच्या दोन कोपऱ्यांना शेजारचे दोन गडी, मागच्या दोन कोपऱ्यांना मी आणि भाऊ. आणि सांगाड्याच्या आत, उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागी माझी बायको पदर खोचून उभी! 

अर्धी आळी ओट्यांवर आली. आम्ही रस्त्यावरून निघालो. मला राहवेना, मी तोंडानं इंजिनाचा आवाज काढला.

"गप रे," भाऊ म्हणाला. "डिझेल संपंल तुहं."

सरळ गल्लीत दोन्हीकडे वीतभर जागा राहिली. लोक "वा वा" म्हणाले. वळणावर पुढची बाज सुरेख वळली, मागून मी आणि भाऊही लगबगीनं वळलो आणि सांगाडा ओट्याला न लागता आत गेला. मी विजयानं ओरडणार तोच आतून हुकूम आला, "थांबा! मागच्यांनी लबाडी केली."

"आम्ही?"

"मागची चाकं वळतात का कधी? तुम्ही दोघं बाजूला सरकलात. गाडीची मागची चाकं पुढच्यांमागं फरफटत येतात. परत रस्त्यावर चला. आणि आता सरकायचं नाही."

परत रस्त्यावर. या वेळी आम्ही चाकांसारखे वागलो आणि बाज खणकन नानांच्या ओट्यावर आपटली. ओट्यावर बसलेले नाना शांतपणे म्हणाले, "ट्रॉली इथंच घासली होती." भावानं मान हलवली. "मी सांगत होतो. मधली घ्या." लोक उठायला लागले. तिच्या तोंडावरचा तो "शे" मावळताना मला दिसत होता.

ती मात्र सांगाड्याच्या आत उभी राहून हापशाकडे बघत होती. मग म्हणाली, "उलटी घेऊ."

"काय उलटी?"

"गाडी. रस्त्यावरून रिव्हर्सनं आत आणायची. मागची चाकं ओट्याजवळून आधी वळतील, तोंड हापशाच्या मोकळ्या जागेत फिरेल. आणि ओटा माझ्या खिडकीच्या बाजूला येईल, म्हणजे मला दिसतही राहील. धरा!"

सांगाडा फिरवला. आता मी आणि भाऊ उलट्या गाडीची मागची चाकं म्हणून सगळ्यांच्या पुढं चाललो. आतून ती सांगत होती, "हळू. हळू. आता पुढच्यांनी तोंड हापशाकडे काढा. अजून. बस!" माझ्या कोपरापासून ओटा गेला, नानांचा पाय गेला, नानांचा पाण्याचा तांब्या गेला, आणि काहीही न लागता आमची बाजेची पिकअप थेट वेफर्सच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. मागची बाजू शेडकडे! म्हणजे फाळका उघडला की माल सरळ हौद्यात!

आळीनं टाळ्या वाजवल्या. भाऊ घाम पुसत म्हणाला, "पण रोज रोज उलटी गाडी कोण आणीन?"

"मी," ती म्हणाली. मोठीचा निकाल तिथंच लागला.

गाडी आणायच्या दिवशी मी पांढरा नवा शर्ट घातला. भाऊ पहाटेच बागेत गेला होता. आमच्याकडे नवी गाडी घरी येते ती केळीचे खांब बांधून, दोन बाजूंना दोन, आणि केळी पिकवणाऱ्याच्या घरची असेल तर खांब कसे असावेत हा अब्रूचा प्रश्न असतो. मधलीच घ्या म्हणणारा माझा भाऊ बागेतले सगळ्यात जाड, सगळ्यात हिरवे दोन खांब घेऊन बांधावर तयार उभा होता. "मोठी घेतली ना? मंग खांबबी मोठे," असं म्हणत त्यानं ते हौद्याच्या दोन्ही बाजूंना असे आवळून बांधले की वादळातही हलू नयेत. वर पानांची कमान. मागं सातपुडा, पुढं ती पांढरी गाडी, उशीवर बसलेली माझी बायको. मी इतके फोटो काढले की मोबाईल तापला.

गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी फिरवली, रिव्हर्स टाकला. गाडीचा तो पीं-पीं-पीं आवाज ऐकून लोक ओट्यांवर आले. सरळ गल्लीत पानं भिंतींना घासत फडफडली, सगळ्यांना ते फार शुभ वाटलं. वळण आलं. तोंड हापशाकडे निघालं. मी मागून हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करत होतो. आणि कर्रर्र असा आवाज होऊन गाडी थांबली. 

पुढं जाईना, मागं येईना. आरसा मोजला होता, लांबी मोजली होती, मागची चाकं कशी फरफटतात तेही मोजलं होतं. वीतभर जागा ठेवली होती. आणि त्या विती-वितीत दोन्हीकडे भावानं वीतभर जाडीचे खांब बसवले होते! तीन पिढ्या केळी लावणाऱ्या घरात कोणाच्याही डोक्यात केळीची जाडी आली नव्हती.

खिडकीला लागून नानांचा ओटा, ओट्यावर नाना. दोघांची तोंडं समोरासमोर. दार उघडायला जागा नाही. नाना म्हणाले, "आलीच आहेस तर चहा घे."

इकडे सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणालं टायरची हवा काढा. भाऊ म्हणाला, "ओट्याचा कोपरा फोडू." नाना म्हणाले, "माझा ओटा तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. तूच आधी बाजूला हो." खांब कापा असं मात्र कोणी म्हणेना. सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण नवी गाडी, पहिला दिवस, घराच्या तोंडाशी मंगलाचा खांब कापायचा? बायकोनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात तसेच. हळूच म्हणाली, "आबा, बाहेरच लावू का आज?" 

त्या आवाजात मला देवपूरचा तो फोन ऐकू आला. आज बाहेर म्हणजे उद्याही बाहेर. मग "मोठी शिरत नाहीच" हे पुन्हा आळीला पाठ होणार.

आबा काठी टेकत पुढं आले. खांबाला हात लावून पाहिला. "कसाले बाहेर? घड उतरला की खांब कापतोच ना आपुन? कापला तरच खालचं नवं पील वर येते. केयीच्या घरात खांब कापायले कोणाची भीती?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विळा घे. तुह्या बायकोची गाडी हाये, तूच काप."

मी ओट्यावर चढलो. भाऊ एका घावात कापतो ते माझ्यानं काही केल्या होईना. "इतिहास शिकवू राह्यला का कापू राह्यला?" भाऊ खालून ओरडला. लोक हसायला लागले, आत ती हसायला लागली, आणि शेवटी खांब माझ्या अंगावरच कोसळला. केळीचा चीक नव्या शर्टवर गळ्यापासून खिशापर्यंत. तो डाग जात नाही हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. दुसऱ्या बाजूचा भावानं कापला, आपल्या हातानं, मुकाट्यानं. 

पीं-पीं-पीं. गाडी सुळकन वळली, शेडच्या पायरीसमोर थांबली आणि फाळका धाडकन उघडला. तळणाऱ्या बायकांनी आतूनच पिशव्या फेकून पाहिल्या.

सोमवारी सकाळी माल भरला. हौदा असा काठोकाठ फुगला की वरून जाळी टाकली तेव्हा गाडी टरारलेल्या पुरीसारखी दिसत होती. तिनं मागं जाऊन शेडमध्ये डोकावून पाहिलं. एकही पिशवी उरली नव्हती. "बठ्ठा माल मावना!" सगळा माल मावला, असं माहेरच्या बोलीत ती म्हणाली, आणि उशी माझ्याकडे फेकली. "ही तुम्ही घ्या. मला सवय झाली." मी उशीवर बसून, पाय लांबवून, एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत तिला गिअरबद्दल सूचना दिल्या. तिनं एकही ऐकली नाही, त्यामुळं आम्ही सुखरूप पोचलो.

पांझरा ओलांडून देवपुरात शिरलो. दुकानाचं गोदाम एका गल्लीच्या आत. दुकानदार धावत पुढं आला, गाडी पाहून खूश झाला, मग हात आडवा करून म्हणाला, "पण ताई, इथंच रस्त्यावर लावा. एवढी मोठी आत येत नाही."

तिनं काच खाली केली. "कोणी मोजलंय का?"

तो गडबडला. आबांनी गाठी सोडू दिल्या नव्हत्या, उपरणं तसंच डॅशबोर्डवर घडी करून ठेवलेलं होतं. तिनं ते माझ्या मांडीवर टाकलं. मी चिकाचा डाग असलेला तोच शर्ट घालून खाली उतरलो, एक टोक दुकानदाराच्या हातात दिलं आणि म्हणालो, "धरा. पत्र्याला नाही, भिंतीला."